वाकळीचे पदर

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या घरात अंथरुणांची घडी उलगडली, की तीत एखादी तरी वाकळ निघते. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी लेपडे. देगलूरला तर एकाच गल्लीत तिची चार नावे ऐकू येतात. नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावाला एका अंगाला तेलंगण लागते आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटक. त्यामुळे मराठीतली वाकळ तेलुगू बोलणाऱ्या घरात बोंत होते, कानडी घरात कौदी आणि दखनी बोलणाऱ्या घरात गुदडी. नावे चार असली तरी वस्तू एकच. जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवायचे, ते धावदोऱ्याने एकमेकांना जखडायचे, की झाले अंथरूण आणि पांघरूणही.

एवढी परिचित वस्तू. पण तिचा इतिहास लिहायला बसलो तर हाती काय लागते? देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकाळातली देवळे उभी आहेत. राजांची नाणी आणि ताम्रपट सापडतात. त्या देवळांचे दगड घडवणाऱ्यांची मुले रात्री काय पांघरून झोपत होती, हे मात्र कुठे कोरलेले नाही. वाकळ वापरून संपते. ती फाटली की तिच्यावर दुसरे जुनेर चढते. फारच विरली की तिचे पायपुसणे होते, मग चुलीपाशी भांडे उतरवायची चिंधी, आणि शेवटी माती. इतिहासाला पुरावा लागतो, आणि वाकळीचा पुरावा तिचा वापरच खाऊन टाकतो.

असे असूनही हा इतिहास थोडासा का होईना वाचता येतो, हे आम्ही शिकलो ते देगलूरच्याच एका शिक्षिकेकडून. शिकताना आमची एक चूकही झाली. तीही सांगणार आहोत, कारण ती वर्गात उपयोगी पडेल.

पहिली वाकळ

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही काही जण हिवाळ्यात देगलूरला गेलो होतो. आमची उतरण्याची सोय एका प्राथमिक शिक्षिकेच्या घरी होती. गावात सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. बाईंच्या घरी पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. पंचवीसेक वर्षे त्या घरच्यापुरते ब्लाउज, परकर, झबली, टोपडी शिवत आलेल्या. वाकळ मात्र त्यांनी कधी शिवली नव्हती. ती आईने, आत्याने शिवलेली आयती मिळत गेली. आता सात वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू यांच्यासाठी स्वतःच्या हाताने एकेक वाकळ करायची, असे त्यांनी मनात घेतले होते.

सुरुवात त्यांनी मशीनवरच केली. बाजारातून कोरे मांजरपाट आणले, चार थर केले आणि मशीनखाली घातले. चार ओळी झाल्या आणि वरचा थर खालच्यापेक्षा दोन बोटे पुढे निघून आला. मधे चुण्याच चुण्या. बाईंना वाटले आपलाच हात चुकला. खरे तर यात हाताचा दोष नव्हता. शिलाई मशीनमध्ये कापड पुढे ढकलतात ते खालचे दाते. वरून पाय नुसता दाबून धरतो. एकदोन थर असतील तेव्हा हे बरोबर चालते. थर वाढले, की सगळ्यात खालचा थर दात्यांबरोबर पुढे जातो आणि सगळ्यात वरचा पायाच्या घर्षणाने मागे रेटला जातो. एलियस हाउ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली ज्या यंत्रांची पेटंटे घेतली, ती मुख्यतः कपडे शिवण्यासाठी होती. पाच-सहा थरांची वाकळ हाताच्या सुईनेच शिवली जात राहिली, त्याला हेही एक कारण आहे. हाताने शिवताना सुई सगळ्या थरांतून सरळ खाली जाते, वर येते, आणि कोणताही थर दुसऱ्याच्या पुढे पळत नाही.

शेजारच्या आजी हे सगळे ओट्यावरून बघत होत्या. त्या माहेरच्या पलीकडच्या, मदनूर भागातल्या, त्यामुळे वाकळीला बोंत म्हणणाऱ्या. त्यांनी मांजरपाट बोटांत चुरगाळून पाहिले आणि म्हणाल्या, "कोरं कापड आत घालू नका बाई. ते पाण्यात आटतंय अन् जुनं आटत नाही. मग सगळ्या बोंतीला चुण्या पडतेत."

जुनेच का?

वाकळ जुन्या कापडाची करतात ती गरिबीमुळे, असे आपण सहज म्हणतो. ते खरेच आहे; पण अर्धेच. आजींच्या एका वाक्यात दुसरे अर्धे होते. मागावर कापड विणताना धागे ताणून धरलेले असतात आणि ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. पहिल्या काही धुण्यांत खळ निघून जाते, ताण सुटतो आणि कापड आटते. दहा वर्षे नेसलेल्या लुगड्याचे आटायचे तेवढे आटून झालेले असते. सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो. धाग्यांवरचे बारीक तंतू मोकळे होऊन कापड मऊ झालेले असते. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कापडाकडून याहून वेगळे आपण काय मागणार? जुनेर म्हणजे शेकडो धुण्यांची चाचणी पास झालेले कापड. बाळंतविड्यातले दुपटे आजीच्या जुन्या पातळाचे करायची रीत होती, तिच्यात मायेइतकाच हा अनुभवही होता.

हिशेबही पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांब. रुंदी साधारण १.१ मीटर धरली, तर क्षेत्रफळ ९ चौरस मीटर भरते. दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी मुलाची वाकळ दीड चौरस मीटरची. म्हणजे एका लुगड्यात तिचे सहा थर. शिवणीच्या दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर ओळींची एकूण लांबी किती? वाकळ कडेकडेने सुरू करून मध्यापर्यंत शिवत नेतात, त्यामुळे प्रत्येक फेरा वेगळ्या लांबीचा येतो आणि मुले बेरजा करत बसतात. पण क्षेत्रफळाला ओळींतल्या अंतराने भागले, की उत्तर मिळते. १.५ भागिले ०.०२ म्हणजे ७५ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ७,५०० टाके. एका टाक्याला चार सेकंद लागले, तरी सलग आठ तासांहून अधिक काम. हे गणित पाचवी-सहावीच्या वर्गात जरूर घालून पाहा. घरातल्या कामाला किती वेळ लागतो, हे त्याच उत्तरात कळते.

ऊब येते कुठून?

वाकळ ऊब देते असे आपण म्हणतो. मुलांना विचारा, की बर्फाचे खडे वाकळीत गुंडाळले तर ते लवकर वितळतील की उशिरा? पुष्कळ मुले 'लवकर' म्हणतात. दोन पेल्यांत सारखा बर्फ घ्या, एक पेला वाकळीत गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा आणि अर्ध्या तासाने पाहा. गुंडाळलेला बर्फ जास्त शिल्लक राहतो. वाकळीत स्वतःची उष्णता नसते. ती फक्त उष्णतेची ये-जा मंदावते. आत मूल असेल तर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आत बर्फ असेल तर उष्णता आत येऊ देत नाही.

हे मोजून दाखवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होता काउंट रम्फर्ड. काचेच्या गोळ्यात तापमापी बसवायची, तिच्याभोवती रेशीम, लोकर, कापूस असे पदार्थ भरायचे, सगळे गरम करून बर्फात ठेवायचे आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते बघायचे, असा त्याचा साधा प्रयोग होता. त्याचे निष्कर्ष १७९२ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या हवेने भरलेला गोळा ठरावीक तापमानापर्यंत ५७६ सेकंदांत निवला. त्यात जेमतेम एक ग्रॅम कापूस भरला, तेव्हा १,०४६ सेकंद लागले. हवा तेवढीच होती, पण कापसाच्या तंतूंनी तिला हलू दिले नाही. तोच कापूस पिळून त्याचे सूत केले, की ऊब कमी होते, हेही त्याला आढळले, कारण घट्ट सुतात अडकलेली हवा कमी. ऊब आहे ती स्थिर हवेची. कापडाचे काम त्या हवेला जागेवर धरून ठेवण्याचे.

वाकळीचा प्रत्येक टाका म्हणूनच एक तडजोड असतो. टाके विरळ घातले तर थर सरकतात, गोळा होतात आणि मधे गार पट्टे पडतात. टाके फार दाट घातले तर थर एकमेकांवर दाबले जाऊन हवाच उरत नाही. दोन बोटांचे अंतर ही मधली वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

मुलांना हे पांघरूण मोठ्यांपेक्षा जास्त लागते, याचेही कारण मापात आहे. ६० किलो वजनाच्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर, तर तीन किलोच्या नवजात बाळाचे सुमारे ०.२ चौरस मीटर. दर किलोमागे पाहिले तर बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या अडीच पट भरते. उष्णता तयार होते शरीराच्या आत आणि बाहेर जाते त्वचेवाटे. त्यामुळे बाळ लवकर निवते. त्यातून पांघरूण ओले झाले तर आणखी वाईट. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या सुमारे चोवीस पट वेगाने वाहते.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. झोपलेल्या तान्ह्या बाळावर जड, सैल पांघरूण घालू नये आणि त्याचे तोंड झाकू नये, असे बालरोगतज्ज्ञ आज सांगतात. जुन्या रीतीतही तान्ह्या बाळासाठी दोन पदरांचे हलके दुपटे असे आणि जड वाकळ मोठ्या मुलांसाठी. हा भेद विसरू नये.

तांब्याने राखलेला धागा

आता इतिहासाकडे वळू. आपल्या हवेत कापड टिकत नाही. जमिनीतल्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. तरी काही धागे हजारो वर्षे उरले आहेत, आणि त्यांच्या उरण्यात एक सारखेपणा आहे. ते धातूला चिकटलेले होते.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे येथे हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातल्या वस्तीत एका लहान मुलाचे दफन सापडले. मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार आजूबाजूला पसरतात, आणि ते जिवाणूंना मारक असतात. त्यामुळे मण्यांच्या भोकात अडकलेला दोरा पूर्ण कुजला नाही. तो तपासला अ. ना. गुलाटी यांनी. त्यांचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६१ साली प्रसिद्ध केला. दोऱ्यात त्यांना कापूस आणि रेशीम दोन्हींचे तंतू दिसले. याच गुलाटींनी ए. जे. टर्नर यांच्याबरोबर १९२० च्या दशकात मुंबईच्या माटुंगा येथील कापूस प्रयोगशाळेत मोहेंजोदडोचे कापड तपासून ते कापसाचे असल्याचे दाखवले होते. ते कापडही चांदीच्या भांड्याच्या आधाराने टिकले होते. पुढे २००२ साली बलुचिस्तानातल्या मेहरगढहून आणखी जुना पुरावा प्रसिद्ध झाला. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या दफनातल्या तांब्याच्या मण्यात कापसाचे तंतू होते.

नेवाशाच्या त्या मुलाला कुणीतरी माळ घातली, म्हणून आपल्याला दोऱ्याचा एक तुकडा मिळाला. त्याच्या अंगावर आणखी काय पांघरले होते, ते तांब्यापासून चार बोटे दूर होते आणि म्हणून नाहीसे झाले. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ ती वस्तू नव्हतीच, असा होत नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

लिखित पुरावाही तुरळकच. बौद्ध विनयग्रंथांत टाकून दिलेल्या चिंध्यांपासून केलेल्या चीवराचे नियम आहेत. त्याचे तुकडे मगधातल्या शेतांच्या बांधांसारखे जोडावेत, असे बुद्धांनी आनंदांना सुचवल्याचे तिथे सांगितले आहे. आपल्याकडे गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. पण हे सगळे त्यागाचे प्रतीक म्हणून नोंदले गेले. मुलांसाठी घरोघर शिवलेल्या वाकळीची नोंद कुणी केली नाही, कारण ते 'बायकांचे काम' होते.

कोपरा उसवला

बाईंकडे एक मोठी वाकळ होती, दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. ती त्यांच्या आजीने शिवलेली, निजामाच्या काळातली, असे घरात सांगत. देगलूरचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे सांगितले जाते ते खरे असेल, तर वाकळ पाऊणशे वर्षांहून जुनी.

आम्हाला मोह झाला. वाकळ उसवली तर थर दिसतील. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडलेला भूशास्त्रातला एक साधा नियम आहे. एकावर एक साचलेल्या थरांत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वाकळीत फक्त 'खालचा'च्या जागी 'आतला' म्हणायचे. जुन्या वाकळीवर नवे जुनेर चढवत गेले, की सगळ्यात आतला थर सगळ्यात जुना. आणखी एक नियम पुरातत्त्वाचा. कोणताही थर त्यात सापडलेल्या सगळ्यात नव्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही. १९४० च्या नाण्यावर साचलेली माती १९४० नंतरचीच असणार.

बाईंनी एक कोपरा वीतभर उसवू दिला. सगळ्यात बाहेर छापील फुलांचे तुकडे होते. त्याचा एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी राहिला. म्हणजे पॉलिएस्टर. कापसाचा धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. (ही चाचणी मुलांना एकट्याने करू देऊ नये, वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो.) त्याखाली दोन थर एकसारख्या बारीक सुताचे, गिरणीचे. त्याच्याही आत जाड, कुठे फुगीर, कुठे बारीक सुताचे पांढरे कापड होते. हातमागाचे, बहुधा हातसुताचेही.

आणि त्या सगळ्यात आतल्या कापडातून ओढलेला शिवणीचा दोरा मेणबत्तीवर वितळला.

पॉलिएस्टरचा शोध विनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडमध्ये लावला. भारतात त्याचे उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झाले. म्हणजे निजामाच्या काळी देगलूरच्या घरात हा दोरा असणे शक्य नाही. आम्ही बाईंना तसे सांगून टाकले. आतले कापड जुने असले तरी वाकळ तुमच्या आजीची नाही. १९६० नंतर कुणीतरी जुन्या चिंध्या भरून ती शिवली असावी. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाकळीची घडी घातली आणि हात तिच्यावरच ठेवून बसल्या.

टाक्याची साक्ष

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. आमचा निष्कर्ष त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "वरून टाका घातला की तो आतपर्यंत जाणारच की. आतला टाका बघितलात का?"

आम्ही तो बघितला नव्हता. ज्याने नवे आवरण चढवले, त्याने सुई सगळ्या थरांतून आरपार नेली असणार. नवा दोरा जुन्या थरात पोचला तो असा. उत्खननातही हे घडते. उंदराच्या बिळातून वरच्या थरातला मणी खालच्या थरात उतरतो आणि पुराणवस्तुज्ञाला फसवतो. वर्गात आम्ही हे कितीदा शिकवले असेल. हातात वाकळ आली तेव्हा विसरलो.

भिंग घेऊन पुन्हा बसलो. आतल्या जाड कापडाच्या दोन थरांना एकमेकांशी जोडणारे वेगळे टाके होते. ते बाहेरच्या थरांपर्यंत येतच नव्हते. त्यांचा दोरा सुती होता, हाताने पीळ दिलेला, आणि ओळी बाहेरच्या ओळींना तिरप्या जात होत्या. म्हणजे वाकळीच्या आत एक संपूर्ण वाकळ होती. तिच्यावर पुढे गिरणीच्या कापडाचे एक आवरण चढले होते. ते नांदेडच्या उस्मानशाही मिलचे होते की आणखी कुठले, ते सांगता येत नाही. धुण्यांत शिक्के जातात. आणि सगळ्यावर पॉलिएस्टरचे आवरण. तीन आवरणे, तीन काळ.

आतली वाकळ निजामाच्या काळातली आहे, असे सिद्ध झाले का? नाही. क्रम सिद्ध झाला, सन नाही. पण घरात सांगत आलेली गोष्ट खोटी ठरवण्याचा जो आधार आम्ही घेतला होता, तो गेला. आम्ही बाईंची माफी मागितली.

बाहेरचे आवरण पॉलिएस्टरचे, हाही इतिहासच आहे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. न आटणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या, वर्षानुवर्षे न फाटणाऱ्या साड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. बायकांचे धुण्याचे कष्ट कमी झाले, हे लहान काम नव्हे. पण जुनेर मिळणे थांबले. प्रमाण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून त्या साडीची वाकळ घामाने चिकचिकते, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. उरलीसुरली सुती लुगडी बोहारणीकडे जाऊन त्यांची स्टीलची भांडी झाली, आणि रात्री पांघरायला पानिपतचे ब्लँकेट आले. ते पुष्कळदा जुने लोकरी कपडे पिंजून केलेले असते. म्हणजे चिंध्यांचे पांघरूण राहिलेच. फक्त ते कुणाच्या चिंध्यांचे, हे आता ओळखता येत नाही.

कापलेली कड

जुनी वाकळ काचेच्या पेटीत घालून शाळेत ठेवावी, असे आम्ही बाईंना सुचवले. बाई म्हणाल्या, "पेटीत ठेवली तर कसर खाईल. हिच्यात पोरं झोपली म्हणून ही आजवर राहिली." आणि त्यांनी कात्री घेतली.

दोन मीटरच्या वाकळीचे मधोमध दोन तुकडे केले. दीड बाय एक मीटरचे दोन, एक नातीला, एक नातवाला. आम्ही डोळे मिटून घ्यायच्या बेतात होतो. पण कापलेली कड समोर आली आणि बघतच राहिलो. खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीत दिसतात, तसे सगळे थर एका ओळीत उघडे पडले होते. बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलांना आलेखाचा कागद आणि भिंगे दिली. मुलांनी सेंटिमीटरमागे धागे मोजले, थरांची जाडी काढली, आरपार जाणारे टाके लाल पेन्सिलीने आणि आतच थांबणारे निळ्या पेन्सिलीने दाखवले. एका मुलाने थरांचे आकडे आतून बाहेर घालायचे की बाहेरून आत, यावर वाद घातला. वाद योग्य होता.

मग पॉलिएस्टरचे आवरण काढून बाजूला ठेवले, आणि बाईंच्या आईचे मऊ सुती पातळ दोन्ही तुकड्यांना वरून-खालून चढवले. मांजरपाट मात्र दोनदा पाण्यातून काढून, आटवून, फक्त काठाच्या पट्टीला वापरले. आजींनी पहिला फेरा घालून दिला. उरलेले टाके बाईंचे. पहिल्या ओळी नागमोडी आहेत, शेवटच्या सरळ. रोज शाळेतून आल्यावर दीड तास याप्रमाणे पहिल्या वाकळीला तीन आठवडे लागले, असे त्यांनी पुढे पत्रातून कळवले. म्हणजे आमच्या आठ तासांच्या हिशेबाच्या जवळपास चौपट. दोरा ओवणे, उसवणे, पाठ सरळ करणे, हे आम्ही गणितात धरलेच नव्हते.

आम्ही नमुना म्हणून एक चौकोन मागितला होता. मिळाले ते कापताना गळलेले सात-आठ धागे, एका पाकिटात. बाकी सगळे पुन्हा आत शिवले गेले. आता ते पाहायचे तर त्या नातवंडांच्या नातवंडांनी कधीतरी कड उसवावी लागेल. मुलांनी काढलेला आलेख शाळेच्या कपाटात आहे. त्यावर तारीख घातलेली आहे.

आपल्या वर्गातही हे करता येईल. दसऱ्याआधी घरोघर वाकळी धुवायला निघतात, तेव्हा मुलांना कडेचा एक उसवलेला कोपरा शोधायला सांगा. किती थर आहेत? कोणते टाके आरपार गेले आहेत, कोणते नाहीत? कुठले कापड कुणाच्या अंगावरचे, हे घरात अजून कुणाला आठवते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वाकळीत नसते. ते ज्यांना आठवते त्यांना आधी विचारायला हवे.